विश्लेषण : मेंदूतल्या गाठीची खरी कड गणित शोधेल का?

लोणावळ्याहून तळेगावकडे निघालं की दिसतं, मावळात वस्ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. लोहमार्ग आणि जुन्या महामार्गालगत कामशेत, वडगाव दाटले. आंदर मावळात घरं तुरळक. ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूतली आक्रमक गाठही अशीच सोयीची वाट धरून पसरते.

गाठ पूर्ण का निघत नाही?
एमआरआयमध्ये दाट पेशींचा भाग दिसतो. एकट्यादुकट्या पेशी त्यापलीकडे गेलेल्या असतात. अमेरिकी शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग काढल्याची नोंद केली. तरी आजार परतला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यमान आयुष्य १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं, इतकंच.

गणित काय करतं?
मूळ प्रारूप दोनच गोष्टी विचारतं : पेशी किती झपाट्याने सरकतात आणि किती झपाट्याने वाढतात? या दोन दरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं, की गाठीची कड पुढे सरकण्याचा वेग मिळतो. हे समीकरण फिशर यांनी १९३७ मध्ये जनुकांच्या प्रसारासाठी मांडलं होतं. पुढे जेम्स मरे, क्रिस्टिन स्वॉन्सन आदींनी ते मेंदूच्या नकाशावर बसवलं. त्यात पांढऱ्या द्रव्याचे तंतू हे महामार्ग. करड्या द्रव्यात चाल मंद.

उपयोग कुठे?
किरणोपचारात दिसणाऱ्या गाठीभोवती साधारण दीड ते दोन सेंटीमीटरचं कडं धरतात. प्रारूप सुचवतं, की तंतूंच्या दिशेने ते वाढवा, इतरत्र आवरा. म्हणजे बोलणं, चालणं सांभाळणारा निरोगी भाग वाचू शकतो.

अडतं कुठे?
वेग काढायला वेगवेगळ्या तारखांचे दोन एमआरआय लागतात आणि त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. शिवाय चाचण्यांत सिद्ध होईपर्यंत प्रारूप डॉक्टरांच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये.

पण एक काम आजच करता येतं. मावळातला रुग्ण घाट उतरून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात जातो, तेव्हा फिल्म आणि अहवाल पुरेसे वाटतात. गणिताला मात्र तपासणीची मूळ डिजिटल फाइल लागते. ती प्रत्येक केंद्राने न मागता द्यावी आणि कुटुंबानेही जपून ठेवावी. आकडेच हरवले, तर समीकरण कितीही चांगलं असून उपयोग नाही.