फोन वाजू द्या, धावू नका!

मैत्रिणींनो, मोबाइल हातोहाती आला तरी पुष्कळ घरांत बैठकीच्या खोलीतला फोन अजून आहे. इंटरनेटच्या जोडणीबरोबर तो मिळतो आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचाच आधार वाटतो. पण तो वाजला की सासूबाई कशा लगबगीनं निघतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. पाय ओले, वाटेत पायपुसणं, आणि मनात एकच धास्ती: लेकीचा फोन असला तर? अशा धावपळीत पडून खुब्याचं हाड मोडलेलं एखादं माणूस बहुतेकींच्या माहितीत निघेल.

म्हणून कॉर्डलेस फोन घ्यायचा असेल, तर निरोप टिपून ठेवणारा घ्या. ही कल्पना तशी जुनीच. डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर आवाज साठवून दाखवला होता!

हल्ली निरोप दोन ठिकाणी साठतो. एक म्हणजे फोन कंपनीकडे. त्याला व्हॉइस मेल म्हणतात. निरोप असला की काही फोनवर पाकिटाचं चिन्ह दिसतं किंवा डायल टोन तुटक येतो. ही सोय सगळ्याच कंपन्या देत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करावी. दुसरा प्रकार म्हणजे फोनच्या बेसमध्येच निरोप साठवणारा संच. घरात म्हातारी माणसं असतील तर मला हाच बरा वाटतो. कारण बेसला स्पीकर असेल, तर समोरचा माणूस बोलत असतानाच त्याचा आवाज खोलीत ऐकू येतो. आजींनी खुर्चीत बसूनच ऐकावं. लेक असेल तर सावकाश उठून मध्येच फोन उचलावा, आणि कर्ज देऊ करणारा असेल तर बोलू द्यावं त्याला!

आता मांडणी नीट करू या. किती घंटा वाजल्यावर यंत्रानं फोन घ्यायचा, हे ठरवता येतं. वयस्कर माणसांसाठी घंटा जास्त ठेवा. दोन्ही सोयी चालू असतील, तर जिच्या घंटा कमी ती आधी फोन घेते आणि निरोप भलतीकडेच शोधत बसावं लागतं. एकच चालू ठेवा.

स्वागताचे शब्द शक्यतो मराठीत आणि घरच्याच आवाजात असू द्यावेत. परका आवाज ऐकला की आपल्याकडची माणसं फोन ठेवून देतात. "नमस्कार. आत्ता फोन घेता येत नाही. आवाज झाला की आपलं नाव, नंबर आणि निरोप सावकाश सांगा." एवढं पुरे. "आम्ही गावाला गेलो आहोत" असं मात्र चुकूनही म्हणू नका. चोराला आयतं आमंत्रण!

बाहेरून निरोप ऐकण्यासाठी एक गुप्त अंक असतो. तो कारखान्यातून येतो तसाच ठेवू नये. इंग्लंडात 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या साप्ताहिकासाठी लोकांचे व्हॉइस मेल चोरून ऐकले गेले. न बदललेले अंक त्या कामी फार सोयीचे ठरले. प्रकरण इतकं पेटलं की २०११ साली ते साप्ताहिकच बंद पडलं. आपल्या निरोपांतही दवाखान्याच्या तपासण्या असतात, बँकेची कामं असतात. "खातं बंद होईल, या नंबरवर फोन करा" असा निरोप आला, तर तो नंबर फिरवू नका. पासबुकावरच्या नंबरावर विचारा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

थोडी निगाही हवी. वीज गेली की कॉर्डलेस मुका होतो, म्हणून इन्व्हर्टर असल्यास बेस आणि मोडेम दोन्ही त्यावर घ्या. हँडसेटमध्ये चार्ज होणारेच सेल घाला, साधे नकोत. ऐकलेले निरोप पुसत जा. जागा भरली की नवा निरोप मावत नाही.

सगळं झालं की शेजारच्या खोलीतून मोबाइलवरून घरच्याच नंबरावर फोन लावा. आजींना जवळ बसवा, घंटा वाजू द्या, निरोप ऐकू द्या. असं तीन-चारदा झालं की त्यांची खात्री पटेल: फोन निसटत नाही, निरोप जपून राहतो. मग त्या आपणहून सावकाश उठतील.