आनंदवनाचं नाव घेऊन अनुदान नाकारू नका

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान वाढवा, वेळेवर द्या, अशी मागणी चंद्रपूर-गडचिरोलीत कुठेही निघाली की एक उत्तर हमखास ऐकू येतं. फुकटचा पैसा हातात पडला की माणूस आळशी होतो. बाबा आमट्यांनीच सांगून ठेवलंय, दानानं माणूस नासतो आणि कामानं घडतो. तेव्हा अपंगांना, कुष्ठमुक्तांना काम द्या, पैसे कशाला? असं म्हणणारे बहुतेक जण भले असतात. वरोऱ्याला जाऊन येतात, जमेल तशी मदतही करतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं खोडून काढायला हवं. आपल्याच मातीतल्या एका मोठ्या माणसाच्या नावावर ते खपतं, आणि त्याची किंमत भामरागड-एटापल्लीतल्या दुबळ्या घरांना मोजावी लागते.

आनंदवन कसं उभं राहिलं ते आधी पाहू. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. त्याआधी गटारीकाठी पावसात कुडकुडणारा, बोटं झडलेला तुळशीराम पाहून बाबा घाबरून पळाले होते. त्या भीतीवर मात करण्यासाठी ते परत त्याच्याकडे गेले. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. 1951च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचं उद्घाटन झालं. पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात 14 रुपये, ही कहाणी वरोऱ्यात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण ती सांगताना एक गोष्ट बहुतेक वेळा गळून जाते. त्या सहा जणांच्या पायाखाली जमीन होती, आणि ती सरकारनं दिलेली होती. खडकाळ, झुडपी, विंचूसापांची, पण जमीन. जखमा धुणारा माणूस जवळ होता, औषध होतं, रात्री परतायला छप्पर होतं. काम त्यानंतर सुरू झालं.

आणि काम सुरू झालं म्हणून सगळं सुटलंही नाही. कुष्ठरोग्यांच्या हातचा भाजीपाला आणि दूध घ्यायला वरोऱ्याचा बाजार तयार नव्हता. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून बांधकाम करू लागले, तेव्हा कुठे गावाची भीती मोडू लागली. घाम गाळूनही माल विकला जात नव्हता, याचा दोष घाम गाळणाऱ्याचा होता काय? काम द्या म्हणणाऱ्यांनी या प्रश्नापाशी जरा थांबावं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं आणि ते 2019 साली काढलं गेलं. इतकी वर्षं जो समाज अशा माणसाला घरातही ठेवू इच्छित नव्हता, तो त्याला दुकानात, हॉटेलात, पेरणीला कामावर ठेवेल ही अपेक्षा कोणत्या बळावर?

बाबांचा विरोध भिकेला होता. देणाऱ्याचं पुण्य वाढवणारी आणि घेणाऱ्याला कायम खाली बसवणारी भीक. तो दात्याच्या अहंकाराला उद्देशून दिलेला इशारा होता. सरकारला जबाबदारीतून मोकळं करणारा दाखला त्यांनी कधी लिहून दिला नाही. त्यांनी स्वतः जमीन घेतली, देणग्या घेतल्या आणि त्यातून माणसांना उभं केलं. 1960च्या दशकात आनंदनिकेतन महाविद्यालय निघालं, ज्यांना गावानं हाकललं त्यांच्या कष्टातून, गावाच्याच मुलांसाठी. एवढं परत देणारा माणूस आधी काही घेतो तेव्हा त्याला आळशी कोण म्हणेल?

आता आपल्याच जिल्ह्यांतलं एक उदाहरण घ्या. मोहफुलं वेचताना, तेंदूपत्ता तोडताना कुणावर वाघानं किंवा अस्वलानं हल्ला केला आणि त्याला कायमचं अपंगत्व आलं, तर वनविभाग भरपाई देतो. ती उशिरा मिळाली तर गाव रस्त्यावर बसतं, आणि बरोबर करतं. त्या भरपाईला आजवर कुणी भीक म्हटलेलं नाही. त्या पैशानं जखमी माणूस आळशी होईल, अशी काळजीही कुणी केलेली नाही. मग अस्वलानं हात नेला तर हक्क, आणि कुष्ठरोगानं बोटं नेली तर उपकार, हा भेद कुठून आला? दोघांच्याही हाताला कुऱ्हाड धरवत नाही आणि दोघांच्याही घरी चूल पेटायची असते.

सिकलसेलचं दुखणं तर आणखी वेगळं. पूर्व विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि बौद्ध समाजांत, हा आजार घराघरांत ओळखीचा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे 21 प्रकार मानले, त्यांत सिकलसेल आला. या रुग्णाचे हातपाय शाबूत दिसतात. सोमवारी तो रोवणीला येतो, मंगळवारी सांध्यांच्या कळांनी खाटेवरून उठू शकत नाही. मुकादम त्याला कामचोर म्हणतो, शेजारी म्हणतात अंगात आळस भरलाय. ज्या नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, त्यांत या रक्तविकाराला जागा नाही. म्हणजे खाजगी काम आजारामुळे टिकत नाही आणि सरकारी नोकरीत राखीव जागा नाही. अशा पोराला महिन्याकाठी मिळणारी थोडकी रक्कमही श्रमाचा मंत्र सांगून नाकारायची असेल, तर त्यानं जगावं कसं, हेही सांगा.

कुष्ठरोग संपला, असंही म्हणतात. डिसेंबर 2005मध्ये भारतानं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून त्याचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. ही देशाची सरासरी होती. आपल्या या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. शिवाय बहुविध औषधोपचारानं जंतू मरतात, मेलेली नस जिवंत होत नाही. संवेदना गेलेल्या हाताला चुलीतलं जळतं लाकूड कळत नाही, पायात काटा मोडला तरी समजत नाही, जखम चिघळते, हाड झिजतं. त्या पायाला मऊ एमसीआर रबराची चप्पल लागते, तीही झिजली की नवी. बोटांच्या ठशावर माणूस ओळखणाऱ्या यंत्रापुढे अशा माणसानं काय टेकवायचं? बोटं नसलेल्यांसाठी नियमांत वेगळी सोय आहे. ती टेबलाच्या पलीकडे बसलेल्यालाही माहीत असायला हवी.

दुसरा आक्षेप संस्थांच्या नावानं येतो. आनंदवन आहे, 1973पासून हेमलकशाला लोकबिरादरी आहे, शोधग्राम आहे, मग सरकारनं आणखी काय करायचं? या संस्थांबद्दल मला नितांत आदर आहे, आणि तो आदरच सांगतो की त्यांच्यावर सगळं ढकलणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. कोणतीही संस्था सिरोंच्यापासून कोरचीपर्यंत प्रत्येक टोल्यावरच्या आंधळ्या म्हातारीपर्यंत पोचू शकत नाही. शिवाय जिला आपल्याच गावात, आपल्याच माणसांत राहायचंय, तिनं मदतीसाठी गाव का सोडावं? संस्था म्हणजे कोंडवाडा, असं म्हणणारे शहरी कार्यकर्ते मला पटत नाहीत. घरानं हाकललेल्याला आनंदवनानं घर दिलं, संसार दिले. पण घर ज्याला आहे त्याला घरीच आधार मिळावा, हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

हा घरचा आधार जंगलात पोचवता येत नाही, ही सबब चालणार नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी नेली, आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999मध्ये 'लॅन्सेट'मधून जगाला दाखवलं. जन्मतः गुदमरलेल्या बाळाला सावरणं जिथं झोपडीत जमलं, तिथं अपंगत्वाचा दाखला झोपडीजवळ का नेता येऊ नये? भामरागडहून गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. चालता न येणाऱ्या माणसाला कुणाच्या तरी पाठीवर, मग एसटीनं, मग दवाखान्याच्या रांगेत, तारीख चुकली की पुन्हा तेच. एका दाखल्यासाठी घरच्यांच्या मजुरीचे दिवस जातात. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचं मंडळ पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर अहेरी, एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याला ठरल्या तारखेला बसलं, तर हा त्रास एका झटक्यात कमी होईल. चपला आणि जखमेची मलमपट्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. महाराष्ट्रानं 2022च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. या विभागाची कसोटी मंत्रालयात नाही, लाहेरीच्या पलीकडे लागणार आहे.

आणि एक काम तर आपल्या हातात आजच आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा शासनाचा आदेश आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. ते 5 टक्के किती होतात, कुणाला दिले, कुणाचं नाव राहिलं, हे उभं राहून विचारा, आणि उत्तर सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याला सभेपर्यंत चालत येता येत नाही, त्याला सोबत घेऊन जा.