समुद्राच्या हवेचं प्रमाणपत्र

शनिवार-रविवार नागावात मुक्कामाला येणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हा गावकऱ्यांचं दम्याचं निदान फुकटात करून टाकलं आहे. दमा म्हणे पोटातून येतो. दही, केळं, पेरू बंद करा. पंपाची सवय लागते, तो टाळा. आणि समुद्राची हवा घ्या. इतक्या शुद्ध हवेत दम लागायला कारणच नाही.

दह्या-केळ्याबद्दल एवढंच, की ज्याला खाऊन खरंच त्रास होतो त्यानं ते सोडावं, सगळ्या घराला उपास घडवू नये. पंपाचं व्यसन लागत नाही. हवेचं प्रमाणपत्र मात्र सहज सोडवत नाही.

किनाऱ्यावर वारा खाणं वेगळं आणि वाडीतल्या घरात झोपणं वेगळं. आमची घरं नारळी-पोफळीच्या दाट सावलीत. पावसाळाभर भिंती ओलसर, कपाटामागे बुरशी, गादीत माइट. डोळ्यांना न दिसणारे हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर राहिली की त्यांचं फावतं. घरातल्या धुळीतला खरा गुन्हेगार हाच, हे 1960च्या दशकात दाखवून दिलं नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी. तो देशही समुद्रकाठचाच बरं का!

आता धूर. पहाटे बंबात सोडणं नि करवंट्या, संध्याकाळी वाडीत पातेरा पेटलेला, पावसाआधी शेतांत राब भाजणं चालू. शुद्ध हवेचे हे भोक्ते स्वतः मात्र कॉटेजच्या अंगणात शेकोटी पेटवतात आणि खोलीत कॉइल लावून, खिडक्या मिटून झोपतात.

मग करायचं काय? वही घालायची. छातीत घरघर सुरू झाली की वेळ, जागा, धूर होता का, सर्दी होती का, अंगदुखीची गोळी घेतली होती का, हे लिहायचं. एकाला धूर बाधतो, दुसऱ्याला अ‍ॅस्पिरिन, तिसऱ्याला नुसतं धावणं. पीक फ्लो मीटरमध्ये फुंकून आकडाही टिपावा. ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी. पंप त्यांनी सांगितला तसा घ्यावा आणि जवळ बाळगावा. उशांचे अभ्रे, चादरी कढत पाण्यात धुवाव्यात. आणि सोडणं जाळणं सुटत नसेल, तर बंब निदान झोपायच्या खोलीच्या खिडकीखालून हलवावा.