स्पर्धेत वाजवायचं काय?

पियानोच्या स्पर्धेत कोणता पीस वाजवायचा हे बहुतेक घरांत मूल ठरवत नाही, टीचरही नाही. आई-बाबा ठरवतात, आणि तेही कानाने नव्हे, डोळ्यांनी. बोटं जितकी भराभर पळतील तितका पीस भारी! मग कुणीतरी शाळकरी पोराला शोपाँचं 'फँटसी-इम्प्रॉम्प्च्यू' घेऊन बसवतं. उजव्या हातात चार नोट्स होतात तेवढ्यात डाव्यात तीन, आणि दोन्ही हात सुसाट. शोपाँ १८४९ साली गेला तोवर त्याने हे छापलंदेखील नव्हतं. पण आपल्याला घाई.

गाण्याच्या स्पर्धांत वेगळं काय होतं म्हणा. पोरगं तानांचा पाऊस पाडतं, पालक खूष, आणि परीक्षक बिचारे सूर कधी लागतोय याची वाट बघत बसतात.

सध्या हा वाद आमच्याच घरात पेटलाय. अकरा वर्षांच्या भाचीचा फॉर्म बुधवारपर्यंत भरायचा आहे. ताईला मोझार्टचा 'टर्किश मार्च' हवाय, कारण तो सगळ्यांना ओळखू येतो. टीचर म्हणतात, बाखचं सी मेजरमधलं पहिलं इन्व्हेन्शन. त्यावर ताई, "अरे, दोन पानांचं तर आहे ते! एवढ्यासाठी इतकी वर्षं फी भरली का?"

दोन पानं खरी. २२ बार, दीडेक मिनिटात खलास. पण बाखने ही १५ इन्व्हेन्शन्स १७२३ साली एकत्र लिहून काढली ती शिकणाऱ्यांसाठीच. दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि वादन गाण्यासारखं व्हावं, हा हेतू त्याने पहिल्याच पानावर सांगून टाकलाय. इथे डावा हात साथीला नसतो. उजवा जे म्हणतो तेच डावा लगेच एक सप्तक खाली म्हणतो, अगदी सवाल-जवाब. पेडलच्या आड लपायची सोय नाही. एक बोट लुळं पडलं तरी शेवटच्या रांगेत कळतं.

'मार्च'ची अडचण वेगळी. त्यात उजव्या हाताला सप्तकंच्या सप्तकं वाजवावी लागतात. भाचीचा पंजा तेवढा पसरतो, पण जेमतेम. घरी हलक्या पट्ट्यांचा ६१ कीजचा कीबोर्ड, आणि हॉलमध्ये ८८ कीजचा जडशीळ पियानो. तिथे दुसऱ्या पानावर मनगट बोलायला लागणार. आम्ही क्लायंटला डेमो देताना दहापैकी दहा वेळा चालतं तेच दाखवतो. काल रात्री पहिल्यांदा चाललेलं फीचर कोणी दाखवत नाही. अकरा वर्षांच्या मुलीकडून मात्र नेमकी तीच अपेक्षा!

तरी टीचरचंही मला पूर्ण पटत नाही. नुसतं बाख म्हणजे पोरीला तीन महिने गृहपाठ. तिला कोणी विचारलंय का? मी विचारलं. तिला शूमानचं 'क्नेख्त रुप्रेख्त' आवडतं. शूमानने १८४८ साली मुलांसाठी ४३ छोट्या पीसेसचं पुस्तक केलं, थोरल्या मुलीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने सुरू केलेलं. त्यातला हा बारावा. रुप्रेख्त म्हणजे नाताळात खोडकर पोरांना घाबरवणारा त्यांच्याकडचा बागुलबुवा. सुरुवातीलाच दोन्ही हात खालच्या पट्टीत एकदम धडधडत येतात. ऐकायला दणदणीत, आणि तिच्या हातात बसणारा.

स्पर्धेत पाच मिनिटं मिळतात. आधी बाख, म्हणजे अनोळखी पियानोचा अंदाज येईल आणि हात स्थिर होतील. मग बागुलबुवा. दोन्ही मिळून वेळेत आरामात बसतात, आणि वेग हवाच असेल तर तोही आहे.

ताई अजून 'मार्च'वर अडून आहे. "रुप्रेख्त कोणाला माहितीये?" हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, परीक्षकांना माहितीये, पुरे आहे. बुधवारच्या आत ओळखीत कोणाकडे खरा पियानो मिळतो का ते शोधतोय. तासभर तिला त्यावर तिन्ही पीसेस वाजवू दे, आणि ताईला शेजारी बसून डोळे मिटून ऐकू दे.