साप पकडायला शिकायचे आहे?

गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात, एका शाळेत सापांविषयी बोलायला गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला साप पकडायला शिकायचंय. मी तीन पकडलेत." कोणते, असे मी विचारले. तो जरा थांबला. "धामणी असतील," म्हणाला.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी मात्र कपाळाला हात लावला. "असले नाद शाळेच्या मुलांना नकोत," ते म्हणाले. मला दोघांचेही म्हणणे पटले नाही. का पटले नाही, ते सांगतो.

प्रथम मुख्याध्यापकांचे पाहू. धाडसाचा नाद वाईट असतो, असे मी मानत नाही. १९८० च्या जानेवारीत पुण्यात नीलिमकुमार खैरे हा तरुण ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिला. एका दक्षिण आफ्रिकी माणसाचा विक्रम त्याने मोडला. लोकांना वाटले, काय हे वेड! पण या प्रयोगात पाहण्याजोगी गोष्ट वेगळीच होती. साप अंगावर आला की खैरे हळूच त्याला बाजूला ठेवीत. झटका नाही, घाई नाही. आपण होऊन माणसावर धावून जाण्याचे सापाला काही कारण नसते, हे त्यांना हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर दाखवायचे होते. पुढे १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले, ते त्यांच्याच खटपटीतून. तो प्रयोग कोणी पुन्हा करावा असे मी म्हणणार नाही. एकदा झाला तेवढा पुरे! पण तो झाला नसता, तर साप दिसला की काठी उचलायची ही आपली सवय थोडीदेखील सुटली नसती.

आणि पुण्याकडेच कशाला पाहायचे? शिरूर कासार तालुक्यातच तागडगावजवळ सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या पतिपत्नींनी 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र उभारले आहे. दोघेही सर्पमित्र. जखमी, आजारी, विहिरीत पडलेले प्राणी आणि पक्षी तेथे आणतात, त्यांच्यावर उपचार करतात आणि बरे झाले की पुन्हा रानात सोडतात. चारचौघांसारखा संसार सोडून असे राहणे हाही एक प्रयोगच आहे, आणि माझ्या मते साप हातात धरण्यापेक्षा तो अवघड आहे. जखमी पक्ष्याला रोज वेळेवर भरवताना कोणी टाळ्या वाजवत नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. माझा आक्षेप त्याच्या धाडसाला नाही, त्याच्या 'असतील' या शब्दाला आहे. ज्याला सापाची जात सांगता येत नाही, त्याने साप पकडला असे म्हणू नये. साप त्याला चावला नाही, एवढेच म्हणावे.

थोडे गणित करा. समजा, तुम्ही इतके तरबेज झालात, की शंभरांतून नव्व्याण्णव वेळा साप सुखरूप पिशवीत जातो. म्हणजे दर वेळी चावा न बसण्याची शक्यता ०.९९. आता ०.९९ हा आकडा शंभर वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर येते सुमारे ०.३७. म्हणजे शंभर साप पकडेपर्यंत निदान एकदा तरी चावा बसण्याची शक्यता शेकडा ६३! दोनशे साप पकडलेत तर शेकडा ८७. "आजवर मला काही झालं नाही," असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचा गुणाकार अजून चालू असतो, इतकेच. सापाला गळ्यात घालून मोबाइलवर छायाचित्र काढणारे सर्पमित्र मी पाहिले आहेत. त्यांतले काही आज हयात नाहीत.

जे खरे जाणकार असतात, ते सापाला होईल तितका कमी हात लावतात. एका नळीच्या तोंडाला कापडी पिशवी बांधायची, नळीचे दुसरे टोक सापाजवळ ठेवायचे आणि लांब आकड्याने त्याला हळूच तिकडे वळवायचे. घाबरलेल्या सापाला अंधारे बीळ हवेच असते. तो आपणहून आत शिरतो. पाहणाऱ्याला यात काही मजा वाटत नाही. पण कौशल्य म्हणतात ते हेच. हे प्रौढ वयात, अनुभवी माणसाजवळ राहून, वनखात्याच्या परवानगीने शिकण्याचे काम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीवाचून साप पकडणे, पाळणे किंवा त्यांचे खेळ करणे हा गुन्हा ठरतो, हेही ध्यानात असू द्या.

मग तुम्ही तोवर काय करायचे? नुसते पुस्तक वाचत बसायचे? मुळीच नाही. डोळ्यांना वळण लावायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आणि त्यांच्यासारखे दिसणारे बिनविषारी साप लांबून ओळखता आले पाहिजेत. मण्यार आणि कवड्या यांच्यात भलेभले फसतात. मण्यारीच्या अंगावरचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक असतात आणि डोक्याकडे पुसट होत जातात. कवड्याचे नेमके उलट. बांधावर सापाची कात सापडली तर भिंगातून पाहा. पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग दिसली, तर ती मण्यारीची असण्याचा दाट संभव. वहीत चित्र काढा, तारीख आणि जागा लिहा, कात तिथेच राहू द्या. मेलेल्या सापाला मात्र हात लावू नका. तोडलेले डोकेदेखील काही वेळ चावू शकते.

हे ज्ञान शोभेचे नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यांतली, आणि त्यांतली निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. यांतले कितीतरी जण आधी देवऋषाकडे नेले गेले. चावलेल्या जागी चिरायचे नाही, करकचून दोरी बांधायची नाही. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधून स्थिर ठेवतात तसा ठेवायचा आणि माणसाला चालू न देता दवाखान्यात न्यायचे. तेथे प्रतिविष मिळते. गावाकडे त्याला 'लस' म्हणतात. ती लस नव्हे, घोड्यांच्या रक्तातून काढलेले औषध आहे. पण नावावरून भांडत बसण्याची ती वेळ नसते.

व्याख्यानानंतर चहा झाला आणि मी निघालो. तो मुलगा फाटकाशी उभा होता. आता त्याच्या आवाजात मघाचा तोरा नव्हता. "सर, कोपीत खाली झोपल्यावर मण्यार येते का?" त्याने विचारले.

शिरूर कासारकडची हजारो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. चार-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतात, जमिनीवर झोपतात. त्याचे आईवडीलही जाणार होते.

येते, असे मी त्याला सांगितले. धान्याला उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री फिरते. तिचे दात इतके लहान, की झोपेत चावा कळतही नाही, खूण दिसतेच असे नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडखळू लागतो. धान्याची पोती आणि सरपण अंथरुणापासून दूर ठेवायचे. रात्री बाहेर जाताना बॅटरी घ्यायची. बाज मिळाली तर उत्तम. ती नसेल तर मच्छरदाणी लावायची, पण नुसती लोंबती सोडायची नाही.

"म्हणजे कशी?" तो म्हणाला.

आम्ही परत वर्गात गेलो. मुख्याध्यापकांनी सतरंजी अंथरून दिली. मच्छरदाणी नव्हती, म्हणून त्यांच्याच टेबलावरचे कापड घेतले आणि कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली कशा खोचायच्या, ते त्याला करून दाखवले. दुसऱ्यांदा त्याने स्वतः केले. एक कोपरा मोकळा राहिला होता, तो मुख्याध्यापकांनी दाखवला.