दंगलीचा सर्वे कोण करणार?

जळालेली दुचाकी ओळखायची तर आधी फ्रेमचा तो भाग शोधावा लागतो जिथे चेसिस नंबर ठोकलेला असतो. प्लॅस्टिक वितळून डांबराला चिकटलेलं असतं, सीटच्या स्पंजची राख झालेली असते, इंजिनचं ॲल्युमिनियमचं कव्हरसुद्धा पाघळून गेलेलं असतं. लोखंड तेवढं उरतं. तारेच्या ब्रशने काजळी खरवडायची, वरून खडू घासायचा, म्हणजे आकडे पांढरे उमटतात. विम्याचा सर्वेअर म्हणून निम्मं आयुष्य मी हेच करत आलो. गोदामांच्या आगी पाहिल्या, २०२३च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा चिखलात रुतलेल्या गाड्याही पाहिल्या. मार्च २०२५ मध्ये हंसापुरीत ब्रश घेऊन बसलो तेव्हा मात्र पहिल्यांदाच असं झालं की मागे उभा असलेला गाडीमालक माझ्याकडे न बघता गल्लीच्या टोकाकडे बघत होता.

घडलं काय ते नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. १७ मार्च, सोमवार, तिथीप्रमाणे शिवजयंती. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा म्हणून महाल भागात गांधी गेटपाशी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाचं आंदोलन झालं, हिरव्या कापडात गुंडाळलेली प्रतीकात्मक कबर जाळली गेली. कापडावर धर्मग्रंथातल्या ओळी होत्या अशी अफवा दुपारपासून मोबाइलवर फिरली आणि संध्याकाळनंतर चिटणवीस पार्क, भालदारपुरा, हंसापुरी पेटलं. तेहतीस पोलिस जखमी झाले, त्यांत तीन उपायुक्त. एका उपायुक्तावर कुऱ्हाडीचा वार झाला. अकरा पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती पूर्णपणे उठायला २३ तारीख उजाडली. साठच्या आसपास वाहनं जळाली किंवा फुटली.

माझं काम इथे सुरू होतं आणि दुर्दैवाने लवकरच संपतं. विम्याची मेख अशी की दंगलीतलं नुकसान ‘ओन डॅमेज’, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, पॉलिसीत बसतं; दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असलेल्या थर्ड पार्टीत बसत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. ओन डॅमेज बहुतेक जण पहिल्या वर्षापुरता घेतात, पुढे विसरतात. कागदावर पॉलिसी जिवंत दिसते, लोकांना वाटतं आपण सुरक्षित आहोत. एक जण पॉलिसीची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घेऊन आला होता. कपड्यांच्या दुकानांत माल पोचवायचा, गाडीवर घर चालायचं. “साहेब, काही भेटन का?” मी कागद उलटून पाहिला आणि नाही म्हणालो. थोड्या वेळाने पलीकडच्या गल्लीतला एक जण आला, तसाच कागद, तसाच प्रश्न, फक्त हिंदीत. “भैया, कुछ मिलेंगा क्या?” त्यालाही नाहीच म्हणालो. क्लेम फॉर्मवर धर्माचा रकाना नसतो, आणि नाकारायचं कारणही दोघांना एकच लागतं.

सरकारने नंतर मदत जाहीर केली, पंचनामे झाले, ते बरंच झालं. पण ही मदत दरवेळी घोषणेवर चालते. मंत्री बोलले तर मिळते, विधिमंडळाचं अधिवेशन चालू असेल तर लवकर मिळते, नसेल तर फाइल फिरत राहते. अमुक जळालं तर तमुक मिळेल, असा ठरलेला नियम दंगलग्रस्ताच्या हातात नाही. २०११ साली केंद्राने जातीय हिंसाचाराविरुद्ध विधेयक तयार केलं होतं, भरपाईची तरतूद त्यात होती. त्यात इतर अनेक वादग्रस्त गोष्टीही होत्या, आणि २०१४च्या फेब्रुवारीत ते गुंडाळलं गेलं. भरपाईचा भाग वेगळा काढून तेवढा तरी कायदा करावा, असं तेव्हापासून कुणाला सुचलेलं दिसत नाही.

गाड्यांचं सोडा. त्या रात्री वेल्डिंगचं काम करणारा एक चाळिशीचा माणूस इटारसीची गाडी पकडायला नागपूर स्टेशनकडे निघाला होता. वाटेत जमावाने त्याला गाठलं. २२ तारखेला तो मेयो रुग्णालयात मरण पावला. या दंगलीचा तो एकमेव मृत्यू, म्हणून बातम्यांत ‘एक ठार’ एवढंच उरलं. वेल्डरच्या घरात त्याच्या हाताशिवाय दुसरी मिळकत कुठली असणार? मोटार अपघातात माणूस गेला तर त्याचं वय, कमाई, अवलंबून असलेली माणसं धरून न्यायाधिकरण हिशेब मांडतं, त्याचं कोष्टक ठरलेलं आहे. ट्रकखाली गेलेल्या माणसाची किंमत काढायची रीत आपल्याकडे आहे. जमावाखाली गेलेल्या माणसाची नाही.

हा हिशेब कुणीतरी ठेवावा लागतो, हे मला उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये अधिक नीट कळलं. लेक तिकडे नोकरीला आहे. उन्हाळ्यात गेलो तेव्हा ती कामावर गेली की मी एकटा पायी भटकायचो. पश्चिम बेलफास्टात क्लोनार्ड नावाची जुनी गिरणी कामगारांची वस्ती आहे, आपल्या एम्प्रेस मिलच्या चाळींची आठवण यावी अशी. तिथल्या रस्त्यांची नावं वाचून थबकलो: काश्मीर रोड, कानपूर स्ट्रीट, बॉम्बे स्ट्रीट. साम्राज्याच्या भरभराटीत दिलेली नावं. या बॉम्बे स्ट्रीटवरची कॅथलिकांची घरं १९६९ साली १५ ऑगस्टला प्रॉटेस्टंट जमावाने जाळली. पंधरा वर्षांचा एक मुलगा तिथे गोळी लागून गेला. लोकांनी घरं पुन्हा बांधली, पण आज त्या घरांच्या मागच्या अंगणांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे आहेत. अंगणाला लागून उंच भिंत, भिंतीपलीकडे दुसऱ्या पंथाची वस्ती, तिकडून दगड-बाटल्या येतात म्हणून जाळी. धंद्याची सवय जात नाही. मी जाळीचे वेल्ड पाहिले, गंज पाहिला. जुनी जाळी होती आणि मधे मधे नवी पट्टी जोडलेली होती. म्हणजे देखभाल चालू आहे. ही भिंत १९६९ मध्ये तात्पुरती म्हणून उभी राहिली. २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती पाडू, असं तिथल्या सरकारने २०१३ मध्ये ठरवलं होतं. भिंती आहेत तिथेच आहेत, काही दरवाजे अजून रात्री बंद होतात.

उत्तर आयर्लंड म्हणजे केवढा मुलूख? आजही त्याची वस्ती आपल्या नागपूर शहरापेक्षा कमी भरेल. तेवढ्याशा प्रांतात १९९८च्या गुड फ्रायडे करारापर्यंतच्या तीस वर्षांत या दोन पंथांच्या संघर्षात साडेतीन हजार माणसं मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक साधी नागरिक. आणि भांडण कशावरून पेटत राहिलं? नोकऱ्या, घरं, मतदान, सगळं होतंच. पण दरवर्षी जुलैत मिरवणूक निघते ती १६९० सालच्या बॉइनच्या लढाईची. प्रॉटेस्टंट विल्यम राजाने कॅथलिक जेम्स राजाला हरवलं, त्याचा ढोल अजून वाजतो. आपल्या संभाजी महाराजांना औरंगजेबाने हालहाल करून मारलं ते १६८९ मध्ये, बॉइनच्या सुमारे सव्वा वर्ष आधी. महाराजांच्या मृत्यूची चीड मलाही आहे. तुळापूरला गेलं की अजूनही पोटात कालवतं. पण इटारसीला निघालेल्या वेल्डरचा त्या आलमगिराशी संबंध तेवढाच होता, जेवढा बॉम्बे स्ट्रीटवरच्या पोराचा जेम्स राजाशी.

मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार आणि कुणाच्या दारापुढे वाजंत्री वाजणार, हा वादही दोन्हीकडे तोच. नागपुरात १९२३ मध्ये मशिदीपुढून दिंडी नेण्यावरून तंटा झाला. १९२७च्या सप्टेंबरात महालक्ष्म्यांच्या मिरवणुकीवरून महालात दंगल उसळली, ती तीन दिवस चालली. बावीस मृत आणि शंभरावर जखमी असे आकडे छापले गेले. ती बावीस माणसं कोण? मी या शहरात जन्मलो, वाढलो. या दंगलीबद्दल दोन्हीकडच्यांकडून कोणी कसा पराक्रम केला ते ऐकलं. मेलेल्यांतलं एक नावही कधी कानावर आलं नाही.

बेलफास्टमध्ये यावरच कुणीतरी काम केलं होतं. लेकीच्या एका सहकाऱ्याच्या घरी ‘लॉस्ट लाइव्ज’ नावाचा ग्रंथ पाहिला, १९९९ साली निघालेला, हातात धरवत नाही एवढा जाड. डेव्हिड मॅकिट्रिक आणि इतर पत्रकारांनी वर्षानुवर्षं खपून लिहिलेला. संघर्षात मेलेल्या प्रत्येकाची नोंद, तारखेच्या क्रमाने, क्रमांक घालून. नाव, वय, धर्म, काम, लग्न झालं होतं का, मुलं किती, कसा मेला. सैनिकाला एक नोंद, बंदूकधाऱ्याला एक, दूध आणायला गेलेल्या बाईलाही एक. कोण बरोबर, कोण चूक, याचा निवाडा नाही. त्या घरातल्या यजमानाने पान उघडून एका नावावर बोट ठेवलं, काही बोलला नाही, पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. मला तो ग्रंथ म्हणजे उत्तम सर्वे रिपोर्ट वाटला. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी स्तुती नाही.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. खटले कधी आणि किती चालवायचे यावरून लंडन आणि बेलफास्टमध्ये अजून ओढाताण चालते. कायमचं अपंगत्व आलेल्यांसाठीची पेन्शन योजना सुरू व्हायला २०२१ उजाडलं, तोवर कितीतरी जण वाट पाहून गेले. तरी एक गोष्ट त्यांनी केली. संघर्षात पळवून नेऊन मारलेल्या आणि गुपचूप पुरलेल्या सोळा-सतरा माणसांचे अवशेष शोधायला ब्रिटन आणि आयर्लंड या दोन सरकारांनी मिळून १९९९ मध्ये स्वतंत्र आयोग नेमला. दहा मुलांची विधवा आई जीन मॅकॉनव्हिल १९७२च्या डिसेंबरात घरातून उचलली गेली होती. २००३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर तिचे अवशेष मिळाले. बाकीच्यांपैकीही बहुतेक सापडले.

आणि आपण? मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींत नऊशे माणसं मेली आणि १६८ बेपत्ता झाली. त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८चा, गुड फ्रायडे कराराच्याच वर्षाचा. २०२२च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी निकाल दिला तेव्हा १६८ पैकी साठच कुटुंबांना भरपाई पोचली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांचा माग काढा आणि व्याजासह पैसे द्या, असं न्यायालयाला सांगावं लागलं. दंगलीला तोवर तीस वर्षं होत आली होती. तीस वर्षांत झोपडपट्टी उठते, घरमालक बदलतो, मुलगा गावी निघून जातो. वारस सापडत नाहीत याचं आश्चर्य नाही. शोधायला इतका उशीर केला याचं आहे.

नागपुरात मात्र एका बाबतीत घाई झाली. दंगलीतल्या एका मुख्य आरोपीचं घर, जे त्याच्या आईच्या नावावर होतं, २४ मार्चला महापालिकेने जेसीबी लावून पाडलं. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय असं घर पाडू नका, हा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४चा निकाल ताजा होता. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली, आणि पुढे पालिकेने न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. आरोपीवर खटला चालवा, गुन्हा सिद्ध झाला तर कडक शिक्षा द्या. दगड मारणाऱ्याची दया मला येत नाही, तो कुठल्याही बाजूचा असो. पण सर्वेअर म्हणून सांगतो, त्या घराच्या विटा विकून हंसापुरीत कुणाची गाडी परत आली नाही. उलट नुकसानीच्या यादीत एका म्हातारीचं घर वाढलं, आणि पालिकेच्या माफीने काही फिटलं नाही.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा प्रशासनाकडे १७ मार्चचे पंचनामे आहेत, पोलिसांकडे जखमींची नोंद आहे, मेयो आणि मेडिकल या रुग्णालयांकडे केसपेपर आहेत. हे सगळं एकत्र करून एक अहवाल जाहीर करा: ज्यांची संमती असेल त्यांची नावं, काय गेलं, किती मिळालं, किती बाकी आहे. पोलिसही त्यात असू द्या, दुकानदारही, आणि संचारबंदीत ज्याचा आठवड्याचा रोज बुडाला तो हमालसुद्धा. राज्याने भरपाईचा नियम एकदाच करावा, अपघाताच्या दाव्याला असतो तसा, मुदत घालून. म्हणजे पीडिताला मंत्र्याच्या दाराशी उभं राहावं लागणार नाही.

आणि तुमच्याकडे दुचाकी असेल तर आज पॉलिसीचा कागद काढून ओन डॅमेजची तारीख बघा.