रडगाणे नको, दुखणे सांगा

जालना जिल्ह्यातले मंठा असो की शेजारचे परतूर, धंद्यासाठी कर्ज मागायला बँकेत गेलेला तरुण बहुधा दोनच तऱ्हांनी बोलतो. एक तर तो प्रकल्प अहवाल पान उलटत वाचून दाखवतो. नाहीतर ‘साहेब, आम्ही गरिबाघरची माणसं’ इथून सुरुवात करून दुष्काळ, वडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न अशी वळणे घेत जातो, आणि मुद्दा यायच्या आत साहेब दुसऱ्या फायलीकडे वळलेले असतात. पहिल्या बोलण्यात माणूस नसतो, दुसऱ्यात धंदा.

धंद्याच्या दोन मिनिटांच्या ओळखीत भावना कुठे आणि किती घालावी, हे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायांनी दाखवून दिले आहे. तिथे रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना रोजच्या कमाईतले थोडे साठवून पावसाळ्याआधी घरावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. एवढ्याशा रकमेसाठी बँका खाते उघडेनात. तेव्हा तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी महिलांचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सभासदांत अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या. बायांनी साक्षरतेचे वर्ग धरले आणि काही महिन्यांनी त्या स्वतःच मुंबईला अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. चेतनाताई हा प्रसंग नेहमी सांगतात. बायांचे म्हणणे असे होते : आम्ही लहान असताना गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही. वाचता येत नसले तरी हिशेब येतो. कुठल्याही मुद्दलावरचे व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

या बोलण्याची ठेवण पाहण्यासारखी आहे. दुखणे एका वाक्यात आटोपले आणि लगेच परीक्षा द्यायची तयारी दाखवली. दया मागितलीच नाही. शिवाय अर्ज ज्या आक्षेपावर अडला होता, त्याच आक्षेपाला हात घातला. मानी माणसाचा राग नेमक्या जागी बोलला तर तो अश्रूंपेक्षा भारी पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरे उदाहरण मालेगाव तालुक्यातल्या कमलेश घुमरे यांचे. उद्योजक गुंतवणूकदारांपुढे धंदा मांडतात त्या ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमाच्या पहिल्याच पर्वात, २०२२ च्या सुरुवातीला, ते सायकलसारखे ढकलत न्यायचे फवारणीयंत्र घेऊन आले. पाठीवर पंप बांधून औषध मारणाऱ्या शेतकऱ्याचे हाल त्यांनी असे सांगितले की देशभर लोक हळहळले. मागणी होती १० टक्के हिश्शाच्या बदल्यात ३० लाखांची. गुंतवणूकदारांपैकी पीयूष बन्सल यांनी १० लाख दिले ते ४० टक्के हिश्शासाठी, वर २० लाख बिनव्याजी कर्ज. रक्कम मागितली तेवढी मिळाली, पण हिस्सा दहाचा चाळीस झाला. यंत्र अजून प्राथमिक अवस्थेत होते, आणि ती उणीव कळकळीने भरून निघत नाही.

कोणी म्हणेल, मग आकडेच बोलावेत. तसेही नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचून लोकांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. नुसती भुकेची आकडेवारी वाचणाऱ्यांनी १.१४. गंमत अशी की गोष्ट आणि आकडे एकत्र दिले तेव्हा रक्कम १.४३ वर घसरली. अर्थात तो दानाचा मामला होता. कर्ज देणारा साहेब दानशूर नसतो, त्याला हप्ता कुठून येणार हे कळायला हवे. म्हणून चेहरा आधी, तोही एकच. आकडे त्याच्या मागून, दोन-तीनच, पण पक्के.

समजा, मंठ्यातल्या एखाद्या बचत गटाला डाळमिलसाठी कर्ज हवे आहे. ‘आम्ही दहा कष्टाळू महिला’ ही सुरुवात कुणीही करते. त्याऐवजी असे बोलून पाहावे : ‘लेक पुण्याला नोकरीला. दर सुट्टीला परत जाताना पिशवीत घरची डाळ नेते, कारण तिथल्या पॉलिशच्या डाळीला वरणाची चव नाही म्हणते. तिच्यासारख्या अनेकींच्या घरी आम्हाला डाळ पोचवायची आहे. एक क्विंटल तुरीतून साधारण सत्तर किलो डाळ पडते. तूर इथल्याच शिवारातली. महिन्याला इतके क्विंटल भरडू, इतका हप्ता फेडू.’ यात गटाच्या हालअपेष्टांचा शब्द नाही. हळवे व्हायचे ते गिऱ्हाइकाच्या अडचणीवरून, आपल्या परिस्थितीवरून नव्हे. आणि हे मंठ्याच्याच बोलीत सांगावे, पाठ केलेल्या छापील मराठीत सांगू नये.

‘इतके’च्या जागी खरे आकडे मात्र गटाने स्वतः तोलून भरायचे. पुढच्या बैठकीत घड्याळ लावून प्रत्येकीने एकदा उभे राहून बोलावे. दोन मिनिटांच्या वर गेले, तर आधी बोलण्यात शिरलेले स्वतःचे कष्ट कापा. पुण्याच्या लेकीला हात लावू नका.